हँडलखालचा डाग

गोत्री, बडोदे
४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
उन्मेषचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता, म्हणून कागदावर लिहितोय. आम्ही मजेत. नाशिकला अवंतीकडे तुम्हीही रमला असाल. भांडायला नातवंडं आहेतच.

बातमी अशी, की तुमची मिलानची सायकल नवी झाली! काकू गेल्यावर तुम्ही ती माझ्याकडे ठेवून गेलात, तेव्हापासून तिचे पोपडे मला बघवत नव्हते. मकरपुऱ्यात तुमच्या कारखान्याच्या मागेच रमणभाई जुन्या गाड्या रंगवतात. ब्रेकच्या तारेच्या पट्टीखाली मूळ आकाशी रंग नखाएवढा शाबूत होता, त्यावरून त्यांनी छटा जुळवली. जुना रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला, मग प्राइमर, रंगाचे हात, वर लॅकर. तो इटालियन इंजिनिअर तुमच्या कारखान्यात मशीन बसवून परत जाताना तुम्हाला ती देऊन गेला, तेव्हाही एवढी चमकत नसेल. हँडलखालच्या नळीवर एक तांबडा डाग होता. साबणाने हलेना, रॉकेलने हलेना. तोही गेला, नामोनिशाण नाही.

तुमच्या सुनेचं, मोहनाचं म्हणणं होतं, आधी काकांना विचारा. मग गंमत काय राहिली? खंडेनवमीला या. पूजा तुमच्याच हातून.

लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमचा उन्मेष


नाशिक
१० सप्टेंबर २०२५

चि. उन्मेष यास,
विश्वंभरचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सायकल नवी केलीस, छान केलेस. जुन्या रंगाची छटा जुळवणे सोपे नसते. रमणभाईंना माझी शाबासकी सांग, आणि थोडी उरली तर तूही घे.

रंग उतरवण्याआधी एखादा फोटो काढला होतास का? हँडलच्या बाजूचा. नसेल तर राहू दे, सहज विचारले.

नवमीला येणे जमेलसे वाटत नाही. गुडघा कुरकुरतो आहे. माझ्या वाटणीची शेव-उसळ तूच खा, पोट सांभाळून. सौ. मोहनाला आशीर्वाद.

तुझा काका
विश्वंभर


नाशिक
११ सप्टेंबर २०२५

प्रिय उन्मेषदादा,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. रोज सकाळी माझ्याआधी फिरून येतात. तुझं पत्र आलं त्या दिवशी मात्र जेवले नाहीत.

दादा, तो डाग आईच्या कुंकवाचा होता. दर खंडेनवमीला ती त्याच जागी तेलात कालवलेलं कुंकू लावायची आणि बाबा वर्षभर तेवढी जागा सोडून सायकल पुसायचे. शेवटच्या वर्षी तिचा हात थरथरत होता, म्हणून ओघळ खाली आला. तो तसाच ठेवला होता. तुला वाईट वाटेल म्हणून बाबा हे कधीच लिहिणार नाहीत. मलाही तुला आधी सांगायचं सुचलं नाही. आता काय करायचं ते तू ठरव.

माया असू दे.
अवंती


गोत्री, बडोदे
१६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

गुडघ्याचं खरं काय ते अवंतीने कळवलं. डागाचंही.

फोटो नाही, काका. मोहनाने तेव्हाच विचारलं होतं, हे पूजेचं तर नसेल ना? मी म्हटलं, गंज आहे. गंज तसा दिसत नाही, हे मला कळत होतं. पण तुमचा खुललेला चेहरा डोळ्यांसमोर होता, आणि त्या चेहऱ्यावरची शाबासकी मला हवी होती. सायकल घरी आणल्यावर मी मोहनाला खाली बोलावून ती जागा दाखवली, जणू लढाई जिंकली. काकूंच्या हातचं जे शेवटचं उरलं होतं, ते मी पैज लावल्यासारखं पुसलं.

आता स्कूटर काढताना सायकलीकडे बघवत नाही. माफ करा म्हणायचीही लाज वाटते, कारण तुम्ही लगेच माफ कराल आणि आणखी एक घास मुकाट्याने गिळाल. तसं करू नका. रागवा, चांगले ओरडा. पण नवमीला या.

अपराधी,
उन्मेष


नाशिक
२१ सप्टेंबर २०२५

चि. उन्मेष यास,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. चांगलाच. गाढवा, विचारायला काय झाले होते? झाले ओरडून.

आता माझे ऐक. तुझे पत्र वाचून मी डोळे मिटून तो डाग आठवू लागलो. ओघळ कुठवर आला होता ते नेमके आठवते. पण शालिनी कुंकू लावायची ते आठवेना. कोणत्या बोटाने लावायची, तोंडाने काही म्हणायची का, काही दिसेना. इतकी वर्षे मी सायकल धरून शेजारीच उभा असायचो. पण कारखान्यातही पूजा असायची, तिथे उशीर होईल म्हणून माझे एकच चालू असायचे, आवर, आवर. शेवटच्या वर्षीसुद्धा. डाग जपत बसलो, आणि ती समोर होती तेव्हा मी घड्याळ बघत होतो. तुला काय बोलू?

नवमीला येतो. अवंतीने तिकीट काढले आहे. या वेळी सायकल तू धर, कुंकू मी लावीन. माझाही हात आता थरथरतो, वेळ लागेल. मला आवर म्हणू नकोस.

तुझा काका
विश्वंभर