काँक्रीट पाणी पितं म्हणे

१ डिसेंबर २०२५, सोमवार

आजपासून डायरी. सिमेंटच्या डीलरने जानेवारीत दिली होती, अकरा महिने कोरी पडली होती. आता कारण मिळालं. लक्ष ठेवायचं आहे.

सकाळी दीपेश आला होता. शेलार गावातल्या माझ्या गोडाऊनमध्ये ज्या कंपनीचे मिक्सर आणि कुकर असतात, तिचा हा मॅनेजर. म्हणाला, काका, माल चढवायच्या डॉकसमोरचा फ्लोअर पार गेला. फोर्कलिफ्टचं चाक खड्ड्यात बसतं, परवा अख्खी थप्पी कोसळली. जुनं काँक्रीट काढा, नवीन टाका. १ जानेवारीला त्यावर फोर्कलिफ्ट चालली तर अ‍ॅग्रीमेंट पुढे, नाहीतर आम्ही शेजारी नवशाच्या गोडाऊनमध्ये.

बापाच्या भातशेतीवर बांधलेलं हे एकच गोडाऊन. घर त्याच्यावर चालतं. कंपनी गेली तर काय, ते लिहीत नाही.

प्रश्न असा की पंधरा वर्षांत फ्लोअर फुटलाच कसा? २०१० साली काम कुणी केलं? बाळाराम भावोजींनी. माझ्या सख्ख्या ताईचे यजमान, काँक्रीटचे कॉन्ट्रॅक्टर. संपलं. आणखी काय शोधायचं?

हे कामही त्यांनाच दिलं. महिन्याभरात करून द्यायला दुसरा कुणी तयार नाही. पण या वेळी डोळ्यांत तेल घालून उभा राहणार. निश्चय: कमी बोलायचं, जास्त बघायचं, रोज लिहायचं.

डायरी कुणाच्या हाती लागता कामा नये. तांदळाच्या पिंपात ठेवली आहे. तिथे कुणी बघणार नाही.

३ डिसेंबर, दुपारी २

(काल लिहिलं नाही. काल निरीक्षण चालू होतं. घरूनच.)

काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला. कानात कापूस घालून खुर्ची टाकून बसलो. पहिला तुकडा निघाला तसा टेप लावला. तीन इंच. दुसरा, तीन. तिसरा, पावणेतीन. जाळी कुठेच नाही, सळईचा तुकडा नाही.

सहा इंच ठरले होते. मला पक्कं आठवतं.

भावोजींना टेप दाखवला. बघून गालात हसले. म्हणाले, 'केसरी, तुला खरंच आठवत न्हाय कं?' मी सांगितलं, मला सगळं आठवतं. मग ते ब्रेकरवाल्याकडे वळले. चोर पकडला गेला की कामात असल्याचं दाखवतो.

एक तुकडा पुरावा म्हणून पिशवीत घालून घरी आणला. पिशवीवर तारीख. बायकोने विचारलं, हे कुकरला लावायचंय का. तुळजाला कशाचं गांभीर्य नाही.

४ डिसेंबर

नवीन भानगड. भावोजी म्हणतात, फोडलेलं काँक्रीट खारबावचा एक जण भरावासाठी फुकट उचलून न्यायला तयार आहे, डंपर उद्या पाठवतो.

फुकट? माझं काँक्रीट याला कशाला हवं? आणि पुरावा नेमका उद्याच का हलवायचा आहे? साफ नाही म्हटलं. सगळा ढीग गेटच्या आत रचून घेतला, वर ताडपत्री. भावोजी म्हणाले, गाडी कशी वळंल? म्हटलं, वळणाऱ्याला वळता येतं.

डायरी उघडली तर आत कडुलिंबाचा पाला. तांदळात हिनेच घातलेला असणार, तो सरकत सरकत डायरीत आला असावा.

८ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी ७

आज काँक्रीट पडलं. सविस्तर लिहितो.

मिक्सरच्या गाड्या दहाला आल्या. ढिगामुळे पहिलीच गेटमध्ये अडकली. ड्रायव्हर हिंदीत ओरडत होता, सेठ, माल जम जाएगा. त्याला एवढी घाई कशाची, तेही मी लिहून घेतलं. शेवटी भावोजींची माणसं आणि भावोजी स्वतः, साठीचा माणूस, घमेल्यांनी ढीग बाजूला करत बसले. दीड तास. काम लांबवण्याची ही जुनी पद्धत.

काँक्रीट पडायच्या आधी जाळीच्या सळया मोजल्या. बरोबर निघाल्या. परत मोजल्या. पुन्हा बरोबर. काठीवर सहा इंचाची खूण करून काँक्रीटमध्ये चार ठिकाणी खुपसली. चारही ठिकाणी खूण बुडाली. पाचव्या ठिकाणी मीच घोट्यापर्यंत गेलो असतो, भावोजींनी दंड धरून ओढलं. म्हणाले, 'तू खुर्चीवर बस, पाया पडतो.' मला लांब का ठेवायचं आहे?

संध्याकाळी मशीन फिरवून घोटून दिलं. दिसायला छान. दिसायला पहिलाही छानच होता.

घरी आलो तर ताईचा फोन येऊन गेलेला. केसरी जेवतो ना वेळेवर, असं विचारत होती म्हणे. तिला आज फोन करायला कुणी सांगितलं, ते शोधलं पाहिजे.

१० डिसेंबर

भावोजींनी नव्या फ्लोअरवर मातीचे बांध घालून वाफे केले आणि पाणी सोडून ठेवलं. दोन आठवडे असं तुंबवून ठेवायचं, मग काँक्रीट पक्कं होतं. बोअरवेलचा व्हॉल्व्ह थोडासा उघडा, बारीक धार चालू. आत गेलं की वाटतं भात लावायचा आहे. बाबा असते तर गंमत वाटली असती त्यांना.

गंमत बाजूला. सकाळी वाफ्याच्या कडेला खडूने रेघ मारली आणि धार दोन तास बंद ठेवली. पाणी रेघेच्या बोटभर खाली.

पाणी जातंय कुठे?

भावोजी म्हणाले, 'काँक्रीट पानी पितं, केसरी. ल्हान पोरासारखं हाय ते, पाजत ऱ्हायला लागतं.' मला खुळा समजतात. जन्मात कधी दगड पाणी पिताना पाहिला नाही.

भिंतीपलीकडे नवशा. त्याच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. डिसेंबरात इतकं हिरवं?

११ डिसेंबर

शास्त्रीय प्रयोग. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. आता आत पाणी येणार नाही. तरीही पातळी उतरली तर चोरी सिद्ध. याहून सोपं काय असतं.

भावोजी दुसऱ्या साइटवर आहेत. त्यांच्या माणसाला सांगितलं, पाण्याचं मी बघतो, तू नको येऊस. तो खूश होऊन गेला.

११ डिसेंबर, संध्याकाळी

उतरली. चोरी सिद्ध.

१५ डिसेंबर

मधले तीन दिवस टेमघरला लग्नात होतो. हळद, लग्न, नवरीचं माहेरी पाचपरतावण. हळदीत नाचलो, गुडघा दुखतो.

आज गोडाऊनवर गेलो. वाफे कोरडे ठणठणीत. फ्लोअरवर केसासारख्या भेगा, कोळ्याचं जाळं पडावं तशा. भावोजी आधीच येऊन बसले होते, डोक्याला हात लावून. विचारलं, व्हॉल्व्ह कुणी बंद केला? मी म्हटलं, शोधून काढू.

(प्रयोग चालू असताना नाव उघड करता येत नाही.)

त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला. वाफे भरेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, भेगा वरवरच्या हायत, निभावंल, पण २५ तारखेपर्यंत पाण्याला हात लावू नको. माझ्याकडे बघून बोलले. रोख कळला.

भेगा पडल्या याचा अर्थ माल हलका. किंवा जाडी कमी. काठी खोटं बोलू शकते, कारण काठी भावोजींच्या साइटवरची होती.

२३ डिसेंबर

पक्का उपाय सापडला. ठाण्याहून भाविक नावाचा माणूस बोलावला. त्याच्याकडे कोअर काढायचं मशीन आहे. काँक्रीटमध्ये नळकांडं फिरवत आरपार जातं, आतून गोल दांडा निघतो. मोजा जाडी. लपवाछपवी बंद.

दोन वाफे फोडून पाणी काढलं. पहिलं भोक, डॉकजवळ. सहा इंच. भावोजींना माहीत असणार मी तिथेच बघेन. दुसरं कोपऱ्यात. सव्वासहा. तिसरं मध्ये. सहा. भाविक म्हणाला, काका, तीन पुरे, रिपोर्टला तीनच लागतात. किती दिले असतील याला?

नऊ काढली. नववं सगळ्यात महत्त्वाच्या जागी, जिथे फोर्कलिफ्ट वळते. साडेसहा.

अर्धा इंच जास्त. कुणी कशाला जास्त देईल? यात काहीतरी मोठं आहे.

२४ डिसेंबर

भावोजी आले. नऊ भोकं बघितली. एकेकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, 'आजच भरून टाकतो. भरलं तरी पक्कं व्हायला आठ दिस लागतील.' मी म्हटलं, तपास पूर्ण होईपर्यंत पुराव्याला हात लावायचा नाही. भोकांवर गोणपाट टाकून ठेवलं.

ते गेले. जाताना पाठमोरे जरा म्हातारे वाटले. हाही डाव असू शकतो.

नऊ दांडे घरी आणले, खडूने नंबर घातले, ओळीने खाटेखाली. संध्याकाळी मोजले तर आठच. नऊ नंबरचा गायब. घरातही फितुरी. शोधलं तर हिने तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला होता. म्हणाली, झाकण वर येतं, उंदीर जातात. ठीक आहे. उलट डायरी जास्त सुरक्षित झाली.

२८ डिसेंबर

हिने आज जेवताना विचारलं, भावोजींनी अर्धा इंच जास्त का दिला, हे त्यांना विचारलंत का?

अर्धा इंच हिला कसा माहीत? मी कुणालाच बोललो नाही. भाविक फुटला असणार.

३० डिसेंबर, संध्याकाळी ५

दीपेश आला. फ्लोअरवर चालला, बूट आपटले, खाली बसून हात फिरवला. म्हणाला, काका, एक नंबर काम आहे, असा फ्लोअर आख्ख्या लायनीत नाही. माझी छाती फुगली. म्हटलं, लक्ष ठेवावं लागतं.

मग त्याचा पाय गोणपाटावर पडला.

त्याने एकेक गोणपाट उचललं. नऊ वेळा. म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हटलं, तपासणी. म्हणाला, कुणी सांगितली होती? मी गोणपाटं परत भोकांवर टाकायला लागलो.

नेमकं वळणावरचं भोक. चाक तिथेच बसणार. आज भरलं तरी परवा फोर्कलिफ्ट घालता येत नाही. वरच्या ऑफिसला फोटो आजच पाठवायचे होते. बाजूला जाऊन तो दहा मिनिटं फोनवर बोलला. परत आला तेव्हा मला काका म्हणाला नाही, पाटीलसाहेब म्हणाला. मला तेव्हाच कळलं.

निष्कर्ष: दीपेश आणि नवशा आधीपासून एक.

३१ डिसेंबर

सकाळपासून आमच्या डॉकवरून नवशाच्या डॉकवर कुकर जातायत. टेम्पोसुद्धा लागत नाही, फोर्कलिफ्टच ये-जा करते. नवशाचा फ्लोअर दिवाळीनंतर झाला. कुणी केला, नवशाला विचारलं. बाळारामने.

म्हणजे कट होता. पुरावे एकत्र करून उद्या सगळं मांडतो.

१ जानेवारी

(डायरी काल संपली. मागच्या कोऱ्या पानावर लिहितो.)

डायरी काढायला पिंप उघडलं. नऊ नंबरचा दांडा बाजूला केला, झाकण उचललं. माझ्या डायरीवर दुसरी डायरी. २०१०ची, माझीच. एका पानात कडुलिंबाची काडी खूण म्हणून घातलेली. ते पान इथे उतरवतो. डायरी लिहायची तर खरी लिहावी.

'१४ मे २०१०. भावोजी सहा इंच आणि जाळी म्हणतात. मी म्हटलं तीन पुरे, जाळी नको. ते म्हणाले दहा-पंधरा वर्षांत फुटेल, नाव माझं जाईल. मी म्हटलं तेव्हाचं तेव्हा बघू. आणि ताईला सांगू नका, ती मला बोलेल. ते म्हणाले नाही सांगत.'

अक्षर माझंच आहे. तीनदा तपासलं.

त्यांनी पंधरा वर्षं खरंच सांगितलं नाही. ताईला नाही, मला सुद्धा नाही. मी टेप दाखवला तेव्हाही नाही. मला लाज वाटली. एवढी की लिहिताना पेन थांबतं आहे.

पानाच्या खाली पेन्सिलीने, हिच्या अक्षरात: 'तांदूळ संपत आलेत. येताना आणा. आणि आधी भावोजींकडे जा.'

गेलो. घरी नव्हते. ताई म्हणाली, तुझ्याच गोडाऊनवर गेलेत सकाळी. ती मला काही बोलली नाही. चहा केला.

गोडाऊनवर आवाज घुमत होता, आत काहीच नाही म्हणून. भावोजी वळणावरच्या भोकाशी उकिडवे बसून काँक्रीट ठासत होते. कुणी बोलावलं नव्हतं. आठ भरून झाली होती. मी शेजारी बसलो. जे बोलायचं ते बोललो, इथे पुन्हा लिहीत नाही. त्यांनी थापी फिरवून पृष्ठभाग सारखा केला. म्हणाले, 'झालं ते झालं. दुसरी कंपनी येल. सात दिस पानी मार. तुला जमंल?' म्हटलं, जमेल. अर्धा इंच जास्त का दिला, तेही विचारलं. म्हणाले, 'तुझं हाय म्हणून.'

२ जानेवारी

सकाळी नऊ भोकांभोवती मातीची आळी केली, पाणी भरलं. बघायला कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे नवशाकडे फोर्कलिफ्ट चालू होती.

संध्याकाळी गेलो. पाणी बोटभर उतरलं होतं. परत भरलं.