चष्मा माझ्या पोरीचा, क्रेडिट परवेजला

३ नोव्हेंबर
रेणूला चष्मा लागला. वय चार वर्षं, अकरा महिने. जालन्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आळशी झालाय. उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा पाहिजे, न्हाईतर तो डोळा जन्मभर कमजोर राहील. सहा आठवड्यांनी दाखवायला या. बायको, साधना, रडली. मी खंबीर. तीर्थपुरीत आपला बॅनरचा धंदा. अख्ख्या गावाला चौकात झळकवणाऱ्या माणसाला एका लेकराच्या नाकावर चष्मा टिकवणं काय अवघड? आठ दिवसांचं काम.

५ नोव्हेंबर
‘माझा चष्मा, माझी शान’ असा तीन बाय दोनचा फ्लेक्स छापून बैठकीत लावला. वर रेणूचा फोटो (बिगरचष्म्याचा, तो चांगला आल्ता). खाली ‘संकल्पना व मार्गदर्शन : भुजंग’ आन् माझा गॉगलवाला फोटो. रेणूनं चष्मा नऊ मिनिटं ठेवला. मंग तो तांदळाच्या डब्यात सापडला. सुरुवातीला असं होतंच.

६ नोव्हेंबर, सायंकाळ
लेकरं मोठ्यांचं बघून शिकतात, असं मोबाईलवर ऐकलं. म्हणून घरात काळा गॉगल लावून बसलो. वरण समजून पाण्याच्या तांब्यात भाकरी चुरली. उठताना चौकट कपाळाला लागली. रेणू हसली. साधना जास्त हसली. प्रयोग बंद. घरातून सपोर्ट नसल्यावर माणूस काय करणार?

९ नोव्हेंबर
घराला लागून परवेज टेलरचं दुकान. दुपारी डोकावलो तर रेणू त्याच्या पाटावर बसून बटनं निवडून राह्यलती. नाकावर चष्मा! साधना म्हणे, दोन तास झाले. परवेजला विचारलं, काय जादू केली? तो म्हणाला, मी काय केलं भुजंगभाऊ? दोन भोकांची बटनं एकीकडं, चार भोकांची एकीकडं. चष्मा न्हाई लावला तर भोकं दिसत न्हाईत, म्हणून तीच लावती. काही केलं न्हाई म्हणणारी माणसंच डेंजर असतात. रेणूनं वर बघितलंसुद्धा न्हाई. छातीत जळजळलं. अॅसिडिटी असावी.

१२ नोव्हेंबर
अंबडहून दोनशे बटनं आणली. डिझाईनची. रेणूनं विचारलं, ही कुणाच्या शर्टाला लावायची? म्हणालो, कुणाच्याच न्हाई, खेळायला आणली. ती उठून परवेजकडं गेली. तिथं खरे शर्ट असतात म्हणे.
मला हेवा? बिलकुल न्हाई. फक्त एक सांगतो, परवेजनं शिवलेली माझी पॅन्ट पहिल्यापासून डाव्या पायात आखूड आहे. एवढे दिवस बोललो न्हाई, हा माझा मोठेपणा.

१९ नोव्हेंबर
साधनाची मावशी कुंभार पिंपळगावहून आल्ती. रेणूला म्हणालो, पाहुणे जाईपर्यंत चष्मा तेवढा काढ. साधना भडकली. म्हणाली, अहो, डॉक्टरांनी मावशीची सूट दिली का? बायकांना प्रसंग कळत न्हाई.

४ डिसेंबर
रेणूचा पाचवा वाढदिवस. चौकात दहा बाय आठचा बॅनर. फोटोत चष्मा होता, कॉम्प्युटरवर सफाईनं पुसला. डोळे जरा मोठे केले. शुभेच्छुक आठ, सगळे गॉगलमध्ये. रेणूला गाडीवर बसवून दाखवायला नेलं. तिनं लई वेळ बघितलं, मंग विचारलं, ही कोण? म्हणालो, तूच की गं! तिनं नाकावरचा चष्मा चाचपला. खुश झाली असणार.
परवेजनं फ्रॉक शिवला. त्याला चष्म्याच्या मापाचा खिसा. आलेल्या सगळ्या बाया खिशाचंच कौतुक करून राह्यल्या. खिसाच तर आहे!

११ डिसेंबर
आठ दिवस झाले, मी घरात पाय टाकला की चष्मा डबीत. साधना म्हणते दिवसभर असतो. पुरावा पाहिजे. आज मोटारसायकल लांब लावली, पायी आलो. दुकानाच्या खिडकीतून बघितलं. चष्मा लावून परवेजला चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट सांगून राह्यलती. तोपण शिलाई थांबवून ऐकत होता. मला खोकला आला. रेणूनं झटक्यात चष्मा काढला.
इथं कोण वाचतंय, खरं लिहितो. जळलो. पोटातून जळलो. पोरगी माझी, फ्लेक्स माझा, आन् चष्मा घालायचा त्याच्यासाठी! बाप आला की काढ, असं त्यानंच शिकवलं असणार. मंगळवारी डॉक्टरांपुढं सगळं उघड करतो.

१६ डिसेंबर, सकाळ
मी आन् रेणू, दोघंच जालन्याला निघून राह्यलो. डॉक्टर विचारतीलच, लेकरावर मेहनत कुणी घेतली? उत्तर तयार आहे. शर्ट इस्त्रीचा.

१६ डिसेंबर, सायंकाळ
डॉक्टर म्हणाले, फरक आहे, पण पाहिजे तेवढा न्हाई. दिवसाचे काही तास बुडून राह्यले. त्यांनी रेणूलाच विचारलं. ती म्हणाली, दिवसभर घालते. पप्पांची गाडी वाजली की काढते. का गं? तर म्हणाली, पप्पांना बॅनरवाली आवडती.
मी परवेजचा विषय काढणार होतो. न्हाई काढला. डॉक्टर म्हणाले, बाप घरात असला तरी चष्मा पाहिजे. मी मान हलवली.
परतीच्या बसमध्ये म्हणालो, रेणू, चष्मा घाल. तिनं विचारलं, आत्ता? सगळे बघतेत की, पप्पा. म्हणालो, बघू दे. तिनं घातला आन् तोंड वर करून माझ्याकडं बघत राह्यली. माझे डोळे भरले. तिला दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड फिरवलं. पुसून परत वळलो, तर तिनं चष्मा काढून डबीत ठेवलेला.