सहा सुतांचे दोन तुकडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक, आज सकाळी चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण वैतागलेला असताना, कोणाच्याही दडपणाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. वकीलबाई म्हणाल्या, "काका, 'वैतागलेला' काढा, कोर्टात बरं दिसत नाही." मी म्हणालो, शुद्धीवर आहे म्हणूनच वैतागलोय. शब्द राहू दिला आहे.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यातले एक वाक्य मात्र मी मुद्दाम नाव घेऊन रद्द करतो, कारण ते मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या. ते असं: "थोरल्या मुलाला माझ्या हत्यारांपैकी खिळासुद्धा देऊ नये, कारण त्याला सरळ काय आणि वाकडं काय ते कळत नाही." हे वाक्य मागे घेतो. का, ते पुढे येईल. कबुली देण्याची मला सवय नाही, तेव्हा जरा वेळ लागेल.

कलम २. मी राहतो ते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची माझी कामाची खोली, हे माझं स्वकष्टार्जित असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. माझ्यामागे ते संपूर्णपणे माझ्या पत्नीचं. तिच्यानंतर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांचं निम्मं निम्मं. बँकेत जे असेल तेही याच रीतीने. घर मी एका लॉन्ड्रीवाल्याकडून विकत घेतलं होतं. पुढच्या खोल्यांत त्याचं कपडे धुण्याचं काम चालायचं. ही गोष्ट मी पाहुण्यांना हसत हसत सांगत आलो, "आमच्या घरात येणारा धुऊन निघतो," असं म्हणायचो. ती गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

कलम ३. नकाशांची फाईल. यात घरी बनवायच्या फर्निचरचे चौसष्ट नकाशे आहेत. निम्मे टपालाने मागवलेले, बाकीचे मासिकांतून कापलेले. एकही नकाशा धड नाही. वरच्या चित्रात खुर्ची, खालच्या यादीत तीनच पाय. एका पानावर इंच, पाठीमागे सेंटिमीटर. "सुट्टीच्या एका दिवसात बनवा" असं लिहिलेल्या कपाटाला मला चौदा महिने लागले. हा नकाशे काढणारा गृहस्थ कोण, कुठे राहतो, मला कधी कळलं नाही, नाहीतर या मृत्युपत्रात त्याच्यासाठीही एक कलम असतं. तरीही फाईल टाकू नये. प्रत्येक नकाशावर मी लाल पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत. आपल्या घराप्रमाणे, आपल्या माणसांप्रमाणे. हिच्या गुडघ्यांसाठी उंच केलेला पाट, धाकटीच्या डावऱ्या हातासाठी उलट बाजूला खण असलेलं टेबल. माझं काम म्हणून जे काही आहे, ते या लाल पेन्सिलीत आहे.

कलम ४. चार मोठे शिकंजे, म्हणजे सरस वाळेपर्यंत लाकूड आवळून धरायची साधनं, मी माझ्या मेहुण्याला देतो. ते सतरा वर्षं त्याच्याकडेच आहेत. "दोन दिवसांत परत करतो, भावोजी," असं म्हणून नेले होते. मी मेल्यावर तरी त्याच्या मनाला टोचणी नको, म्हणून रीतसर त्याच्या नावे करतो. टोचणी लागली तर मात्र माझी हरकत नाही.

कलम ५. पुस्तकांचं कपाट धाकटीला. अट एकच. त्याला रंग द्यायचा नाही. मागे मी महिनाभर तेल पाजून पाजून एक स्टूल चमकवलं होतं. ही बाई माहेरी चार दिवस राहायला आली आणि त्याला आकाशी रंग फासून गेली. विचारलं तर म्हणते, "बाबा, मी ते माझ्या आवडीचं करून घेतलं. तुम्ही पण नकाशे बदलताच ना?" या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण घरात तिच्याशिवाय कोणी कामं तडीस नेत नाही.

कलम ६. आता उरलेलं फर्निचर. मी बनवलेले एकूण तेवीस नग आहेत. ते कसे वाटायचे याची यादी केली होती, ती फाडून टाकली. कारण गेल्या महिन्यापासून तेवीसच्या तेवीस नग वाकडे आहेत.

झालं असं, की पुढच्या खोल्यांतली जुनी फरशी फुटत चालली होती. ती काढून नवी घालायला फरशीवाला आला. हा माणूस कमी बोलतो आणि जास्त बघतो, त्यामुळे मला आवडला. सामान सगळं अंगणात काढलं. आठ दिवसांनी नवी फरशी झाली, सामान परत आत आणलं, आणि माझे डोळेच फिरले. जेवणाच्या टेबलावरून वाटी घरंगळून खाली. कपाटाचं दार आपोआप उघडून उभं. पलंगावर पाठ टेकली की डोक्यात रक्त. सगळं घर खिडकीकडे झुकलेलं. मी फरशीवाल्यावर तोंडसुख घेतलं. तीस वर्षं सरळ उभं असलेलं सामान तुझ्या फरशीवर वाकडं होतं म्हणजे फरशी वाकडी, असं म्हणालो. याहून बरंच काही म्हणालो.

त्याने वाद घातला नाही. माझ्याच हातातली लेव्हल घेतली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. मधोमध. मग मला दाराशी नेलं आणि म्हणाला, "साहेब, जुन्या फरशीखाली इथे मोरीचं भोक निघालं. तुमची खोली आधी धुण्याची होती ना? पाणी दाराकडे जावं म्हणून मुद्दाम उतार दिला होता. चार फुटांना सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. तुम्ही कधी जमिनीवर लेव्हल ठेवलीच नाही का?"

नाही. ठेवली नव्हती. लेव्हल मी टेबलांवर ठेवली, कपाटांवर ठेवली, पलंगांवर ठेवली. नग बनवून घरात आणायचा, लेव्हल ठेवायची, बुडबुडा खिडकीकडे पळाला की खिडकीकडचे पाय कापायचे. तेवीस वेळा. आणि एकदा जागा लागली की कोणी काही हलवायचं नाही, असा माझा घरात कायदा होता. हिने एकदा पलंगाची दिशा बदलली, तर तो आणखीच कलला. मी तिला सांगितलं, लाकडाला जागेची सवय होते. ती पलंगाच्या पायाखाली कागदाची घडी ठेवून गेली. त्याच्या कितीतरी वर्षं आधी ती एकदा म्हणाली होती, "अहो, टेबल नाही, जमीनच कलती आहे." मी म्हणालो, "जमीन कशी कलती असेल? तिच्यावर घर उभं आहे." हे वाक्य मी तेव्हा फार हुशारीने बोललो होतो.

आणि मी कोण, तर वजनमापे खात्याचा निरीक्षक! एकतीस वर्षं बाजारातले तराजू तपासले. नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो, तराजूला हात लावण्याआधी तो ज्या फळीवर ठेवलाय ती सपाट आहे का ते बघा. फळी कलती निघाली म्हणून मी कितीतरी दुकानदारांना सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापलं आहे. घरी येऊन करवत घ्यायचो.

सबब, हे तेवीस नग ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. पायांना ठोकळे लावून घ्यावेत. माझ्या नावाने बोटं मोडावीत, माझी ना नाही.

कलम ७. माझी सर्व हत्यारं, म्हणजे करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, टेप, तसंच मागची कामाची खोली वापरण्याचा हक्क, थोरल्या मुलाला. त्याने ती घ्यावीतच अशी अट नाही. अकरा वर्षं त्याने लाकडाला हात लावलेला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि लोक म्हणतात फार नेटकं करतो.

कलम ८. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

थोरल्याने स्वतःच्या हाताने एकच वस्तू बनवली, अभ्यासाचं टेबल. नकाशा क्रमांक बावीस. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त बघा." चारही पाय एकत्र बांधून त्याने एका दमात कापले, म्हणजे एकही लांब-आखूड होणार नाही. ही युक्ती नकाशात नव्हती. मीही शिकवली नव्हती. टेबल घरात आणलं आणि मी लेव्हल ठेवली.

"वाकडं आहे," मी म्हणालो.

"बाबा, पाय सारखे आहेत. मोजून बघा."

"बुडबुडा खोटं बोलतो का?"

तो कॉलेजात गेला असताना मी टेबल उलटं केलं आणि खिडकीकडचे दोन पाय सहा सूत कापले. इंचाचे आठ सूत, तेव्हा सहा सूत म्हणजे पाऊण इंच. तो आला, त्याने पाय बघितले आणि पुस्तकं टेबलावर मांडली. तेव्हा तो बोलला असता तर बरं झालं असतं. पुढे नोकरी लागल्यावर तो वेगळा राहायला गेला, टेबल घेऊन गेला. आठवड्याने त्याचा फोन आला. "बाबा, इथे टेबलावरून पेन्सिल घरंगळते. तुम्ही कापलंत त्या बाजूला." मी म्हणालो, "तुझ्या खोलीची जमीन कलती असेल."

होय. हे मी म्हणालो. स्वतःच्या घराची जमीन मला एकदाही तपासावीशी वाटली नाही, त्याच्या घराची मी फोनवरून तपासली. त्यानंतर तो अकरा वर्षं माझ्याशी "आई आहे का?" एवढंच बोलतो, आणि मी फोन आईला देतो. फरशी झाल्यावर मी त्याला सांगायचं ठरवलं. त्याचा फोन आला. तो म्हणाला, "आई आहे का?" मी म्हणालो, "आहे," आणि फोन तिच्या हातात दिला. म्हणून हे लिहितोय. मला लाज वाटते, आणि ती तोंडाने सांगता येत नाही.

कामाच्या खोलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. लाकडाचा तुकडा मी कधी टाकत नाही. त्यात त्या दोन पायांचे कापलेले दोन तुकडे आहेत. करवतीने कापलेल्या बाजूवर मी शाईच्या पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "थोरल्याची चूक." दोन्हींवर. ते घालवण्यासाठी मी रंधा काढला होता. पण शाई आत उतरली आहे. ती जाईपर्यंत रंधा मारला तर तुकडा पातळ होईल आणि टेबल परत कलेल. म्हणून ते तसंच ठेवून खाली एक ओळ लिहिली आहे.

हे तुकडे थोरल्याला. सरस लावून ते त्या पायांना परत जोडावेत. लाकडाच्या रेषा जुळतील. मध्ये करवतीने खाल्लं ते साधारण अर्धं सूत. त्याचा भुसा झाला, तो मला परत देता येत नाही. तिथे पातळ चकती घालावी लागेल. जोडल्यावर अक्षरं आत जातील, कोणाला दिसणार नाहीत. पण सरस लावण्याआधी खालची ओळ वाचावी.

कलम ९, ऐनवेळी घातलेलं. वरचं सगळं मी पत्नीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्या पोराने कलत्या टेबलावर लिहायचं?"

मी म्हणालो, अगं, मृत्युपत्र मेल्यावरच अमलात येतं, कायदाच आहे तसा.

"मग मृत्युपत्रातून काढा आणि बसचं तिकीट काढा."

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जिवंतपणी देऊन टाकायला काही अडचण नाही. सबब कलम ८ मधले दोन तुकडे येत्या रविवारी मी स्वतः नेऊन देईन. सोबत सरस, पातळ चकत्या आणि लेव्हल. त्याच्या दारात गेल्यावर आधी मी त्याच्या खोलीची जमीन तपासणार नाही. तो "आई आहे का?" म्हणाला तर "नाही, मी आलोय" असं म्हणेन. हे वाक्य मी पाठ करतो आहे.

पत्नी बरोबर येणार नाही म्हणते. तिने कागदाची एक घडी मात्र माझ्या खिशात ठेवली आहे, चकती नाही जमली तर असू दे म्हणून.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोडीवर सही करून पुरं केलं.

सही (मजकुरातल्या अक्षरापेक्षा जरा वाकडी, पण माझीच)

साक्षीदार १ : हार्डवेअर दुकानदार. स्क्रू मोजून देतो आणि दर वेळी एक कमी देतो. तरी माणूस विश्वासाचा आहे.
साक्षीदार २ : फरशीवाला. साक्षीदाराला वारशात काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून त्याची माफी सहीआधी तोंडी मागितली. जमली.

दिनांक : महिन्याचा दुसरा मंगळवार. रविवारला पाच दिवस.
ठिकाण : पुढची खोली. जमिनीवर लेव्हल ठेवून बघितली. सपाट.

तुकड्यांवर लिहिलेली ओळ इथेही नोंदवतो, बसमध्ये डबा हरवला तर असावी म्हणून : "टेबल बरोबर होतं. चूक माझी. बाबा."