राजाचा थरथरता हात

निपाणी, शुक्रवार, पौष वद्य चतुर्थी

तंबूत त्या राजाचा बोलपट पाहून आलो. गादीसाठी त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला मारलं. मग दिवा लावून एकटाच जेवायला बसला, तर घास उचलताना हात थरथरतोय. मला रडूच आलं. खुन्यासाठी! असं कसं?

वाटेत आक्का म्हणाली, "दिवस मावळल्यावर जेवला त्यो. नरकातच जाणार."

"आणि भावाला मारलं ते गं?"

"ते बी हायच की."

आपण जैन, अंधारात जेवणं पाप, हे कळतं. पण खुनाआधी तिला तेच दिसावं? आणि मला नुसता तो हात?

थोरला भाऊ अण्णा मात्र खुशीत होता. "हक्काचं हुतं ते घेतलं त्यानं. चुकलं काय रं?" आप्पांनी तंबाखूची वखार माझ्या नावावर केल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. आज बोलला. मला बरं वाटायला हवं होतं ना?

आत्ता सैपाकघरात उजेड दिसला म्हणून डोकावलो. अण्णा कंदील लावून एकटाच जेवतोय.

त्याचा हात थरथरत नाही.