स्वप्नातल्या टोपलीत काय होतं?

प्रिय धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

परवा फोनवर तू मला "कोण बोलतंय?" असं विचारलंस. मी सांगितलं. तू "हो का, बरं" म्हणालीस आणि जरा वेळाने पुन्हा तेच विचारलंस. म्हणून आता लेखीच देते, उशीखाली ठेव: मी तुझी सख्खी थोरली बहीण. झोपेत जिची वेणी ओढायचीस, तीच. तुझा मुलगा म्हणतो, आई हल्ली विसरायला लागली. मी म्हटलं, हल्ली? अरे, ही शाळेत जायची तेव्हा दप्तर घरी राहायचं आणि घरी यायची तेव्हा चप्पल शाळेत. नवीन काय सांगतोस! (हे मी हसत हसत म्हटलं. फोन ठेवल्यावर भाजी मात्र करपली.)

तुझे गुडघे कसे आहेत? माझे बोलके झालेत, मी उठायच्या आधी तेच कुरकुरतात. दात बहुतेक सोडून गेले. बाकी मी ठणठणीत. पत्र माझी नात लिहिते आहे. मी बोलेन तसंच लिहायचं, आपला शहाणपणा घालायचा नाही, असं बजावलंय. (नात: निम्मंच लिहिते आहे, हात दुखतो.) आत्ता तिने काहीतरी जास्तीचं लिहिलं. मला अक्षर कळत नसलं तरी लबाडी कळते.

तर झालं असं. नातीने वाचनालयातून एक कादंबरी आणली. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींनी वाचायची, म्हणजे माझ्यासाठी नव्हेच. मी आपली मटार सोलत होते आणि ती मोठ्याने वाचत होती, तेवढाच संबंध. एक मुलगी, एक मुलगा. गावं वेगळी, एकमेकांना कधी बघितलेलं नाही, पण रोज रात्री दोघांना एकच स्वप्न पडतं. त्यात भेटतात, भांडतात, रुसतात आणि उजाडलं की आपापल्या घरी दात घासतात. मी म्हटलं, काय हा पोरकटपणा! आणि मटार संपले तरी रिकाम्या साली चिवडत बसले. पुढे पुढे मला असं वेड लागलं की सकाळी दार उघडलं की दूधवाल्याला विचारायची, "काल स्वप्नात काय दिसलं रे तुला?" पहिल्या दिवशी तो लाजला, दुसऱ्या दिवशी घाबरला. आता दूध उंबऱ्याबाहेर ठेवतो, बेल वाजवतो आणि मी पोचायच्या आत जिना उतरलेला असतो. या वयात माझ्यामुळे एक तरुण पळत सुटतो, हे काय कमी आहे?

कादंबरीतल्या मुलीला शंका येते, की हा मुलगा खरंच कुठे आहे, की माझ्याच मनाचे खेळ? म्हणून ती त्याला स्वप्नातच सांगते, अमक्या स्टेशनवर ये, आणि आपल्या पहिल्या स्वप्नात झाडाला जे लटकत होतं ते घेऊन ये. काय ते मी आठवण करून देणार नाही, असंही त्याला बजावते. गोष्ट अशी ऐन रंगात आली आणि नात कॉलेजच्या सहलीला निघून गेली! पुस्तक आलं माझ्या मुलाच्या, म्हणजे तुझ्या भाच्याच्या हातात. तुला माहीतच आहे, विम्याच्या ऑफिसात साहेब आहे, पण प्रेमाचं नाव निघालं की खोकला येतो. कुठे हातात हात आला की "इथे ते जरा बोलले" म्हणायचा आणि दोन पानं उलटायचा. शेवटी मुलगी स्टेशनवर उभी, गाडी येते आहे, माझा जीव टांगणीला, आणि टीव्हीवर त्याची मॅच सुरू होणार. तर हा म्हणतो, "मुलगा आलाच नाही. त्याला ताप आला आणि तो गेला. समाप्त." पुस्तक फटकन मिटलं.

मी ढसाढसा रडले गं. कुकर बंद केला. म्हटलं, एवढा तरणाताठा पोरगा गेला आणि आपण काय जेवायचं? तुझा भाचा उपाशीपोटी मॅच बघत बसला. मध्येच त्याने बिस्किटांचा डबा उघडला, मी नुसतं बघितलं, त्याने झाकण लावलं. तरी खरं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत वाचनालयात गेले. (दार ढकलत राहिले. ते ओढायचं होतं. त्यावर तसं लिहिलेलं असतं म्हणे.) ग्रंथपालबाईंना म्हटलं, हे पुस्तक लिहिणाऱ्याला बोलवा. धडधाकट मुलगा एका वाक्यात मारतात का? निदान डॉक्टर तरी आणायचा! माझा आवाज तुला ठाऊक आहे. नेमक्या तिथे हेच पुस्तक मिळावं म्हणून मुली रांग लावून उभ्या. मुलगा मरतो हे कळल्यावर त्यातली एक जमिनीवरच फतकल मारून रडायला लागली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजी, मुलगा जिवंत आहे." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? माझ्या मुलाने स्वतः वाचलंय!" शेवटी त्यांनी दुसरी प्रत काढली आणि शेवटची पानं वाचून दाखवली, तीही वाचनालयातल्या दबक्या आवाजात. शेवट आधीच कळतोय म्हणून मुली माझ्यावर चिडल्या होत्या, पण हलली एकही नाही. मुलगा गाडीतून उतरतो. खिशात हात घालतो आणि एक निळा मोजा बाहेर काढतो. डाव्या पायाचा.

मोजा! लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. आणि मी तिथे पदराने नाक पुसते आहे, आणि रांगेतल्या पोरी मला पाणी देतायत.

घरी आल्यावर तुझ्या भाच्याला शिक्षा केली. गाळलेली सगळी पानं माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचायची, न खोकता. कान असे लाल झाले होते त्याचे! मी मुद्दाम मध्ये मध्ये "नीट ऐकू नाही आलं, पुन्हा वाच" म्हणत होते.

सर्वांना आठवण सांग. गोळ्या वेळेवर घे.

तुझी (कोण ते वर लिहिलंय),
थोरली

ता. क. वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल. पत्र यासाठी आहे. लहानपणी आपण एका पांघरुणात झोपायचो तेव्हा आपल्यालाही एकच स्वप्न पडायचं. डोंगरावर बिनदाराचं घर, आणि खिडकीतून एक बाई दोरीने टोपली खाली सोडायची. सकाळी मी "टोपलीत" एवढं म्हणेपर्यंत तू पुढचं सांगून टाकायचीस. आई म्हणायची, रात्रभर एकमेकींच्या कानात बडबडता, दुसरं काय. तू शाळेतलं सगळं विसरलीस, पण ती टोपली कधी विसरली नाहीस.

आणखी एक ता. क. टोपलीत काय होतं ते मी लिहायला सांगणार नाही. (नात: मलाही सांगत नाही.) कुणाला विचारू नकोस, तुझ्या मुलाला तर मुळीच नाही. डोळे मीट, आठव, आणि तेच नीट बांधून मला पाठव. नाहीच आठवलं तर हाताला लागेल ते पाठव. हेच होतं म्हणेन मी, शपथेवर. फक्त कारली पाठवू नकोस. तेवढं खोटं मला जमायचं नाही.