बाबांच्या डब्यातली ताटली

कॉर्बिट्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
४ सप्टेंबर २०१२

चि. ऑर्लीना हिस डेल्फाचे अ. उ. आ.

वि. वि. तुला एक थोरली बहीण आहे हे तुझ्या लक्षात आहे का? नसेल तर सांगते. डेल्फा तिचं नाव, वय एक्क्याऐंशी, राहते डोंगराच्या अलीकडे, तुझ्या दारापासून गाडीने पाऊण तासावर. चाळीस वर्षं ग्रंथालयात बसून कुणी कुठलं पुस्तक परत केलं नाही ते तू तोंडपाठ सांगायचीस, आणि सख्ख्या बहिणीला एवढी मोठी बातमी कळवायची तेवढी विसरलीस.

बातमी मला माझ्या सुनेकडून कळली. मी सांगते तसं हे पत्र लिहितेय तीच, जूनी. कॉलेजची लाँड्री आता ती चालवते आणि जर्सी धुणाऱ्या बाईला अध्यक्षांच्या आधी सगळं कळतं, हे मी पस्तीस वर्षं तेच काम करून तुला सांगते. ती म्हणाली की तुमचं टॅगर्ट कॉलेज पुढल्या वर्षी आपली फुटबॉलची लीग सोडून मोठ्या लीगमध्ये चाललंय. टीव्हीवर दिसणारी लीग. तुमची पोरं आता विमानाने खेळायला जाणार म्हणे. आमच्या ब्रँडल कॉलेजची पोरं अजून त्याच बसमधून जातात, जिची मागची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली आहे. जाऊ दे. तुला लहानपणापासून खिडकीची जागा मिळायची, आता विमानातही मिळेल.

तुमच्या मागोमाग आणखी दोघं चालले. उरली पाच कॉलेजं. पाच कॉलेजांची लीग म्हणजे तीन पायांचं टेबल, कोपर टेकलं की आडवं. पण ते माझं रडणं नाही. माझं रडणं बाबांच्या डब्याचं आहे.

पुढल्या वर्षापासून टॅगर्ट आणि ब्रँडल खेळणार नाहीत. म्हणजे आजवर दरवर्षी विजेत्याकडे जाणारा डबा, या नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जो जिंकेल, त्याच्याकडे कायमचा. दोन्ही कॉलेजांनी तसं ठरवून टाकलं, आणि आपल्या दोघींना कुणी विचारलं नाही. खाणीतून वर आलेला जेवणाचा डबा आपल्या बापाचा, आणि विल्हेवाट लावणार ते. गेल्या वर्षी आम्ही जिंकलो, म्हणून सध्या तो माझ्यापुढे लाँड्रीच्या टेबलावर आहे. दरवर्षीसारखा व्हिनेगरने घासते आहे. जूनीला हे पटलं नाही, मी म्हटलं लिही तसंच.

कळव, टॅगर्टची पोरं किती दांडगी झाली आहेत. खोटं कळवलंस तरी चालेल.

लोभ आहे, पण सध्या थोडा आंबलाय.
डेल्फा

(जूनीकडून: मावशी, व्हिनेगरने नव्हे, लाँड्रीच्या सोड्याने घासतात. आणि माझ्याकडून नमस्कार.)

—

टॅगर्ट
१६ सप्टेंबर २०१२

ती. डेल्फाताईस ऑर्लीनाचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून हसले आणि मग बराच वेळ हातात धरून बसले. कळवलं नाही, चुकले. पण खरं सांगू? कळवलं की तू काय म्हणशील ते माहीत होतं, आणि तू अगदी तेच म्हणालीस.

इथे सगळं गाव हरखलंय. मैदानाच्या पूर्वेला नवीन मजले चढताहेत, आमच्या न्हाव्यानेसुद्धा दुकानाला कॉलेजचा जांभळा रंग दिला. पोरं दांडगी झाली आहेत का विचारलंस, तर हो ताई, झाली आहेत. टेक्सासहून एक आणलाय, तो चर्चच्या दारातून आडवा होऊन आत येतो. खोटं लिहायची मुभा दिलीस, पण मला ते कधी जमलं नाही.

डब्याचं म्हणशील, तर नव्या इमारतीत त्याच्यासाठी काचेचं कपाट करणार आहेत, आत दिवे लावून. जिंकलो तर. तू मनाला लावून घेऊ नकोस. डबा कुणाकडेही राहिला तरी बाबांचाच आहे.

शनिवारी नेहमीप्रमाणे सामना संपल्यावर तुमच्या मैदानाच्या उत्तरेच्या फाटकाशी, लिंबूपाण्याच्या टपरीजवळ भेटू. मी तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणते आहे. जांभळी नाही.

तुझा राग आणि तुझा जीव, दोन्ही असू दे.
ऑर्लीना

—

कॉर्बिट्स फोर्क
२० नोव्हेंबर २०१२

चि. ऑर्लीनास आशीर्वाद.

वि. वि. एकेचाळीस–तीन हरलो. ते तीन गुणसुद्धा वाऱ्याने दिले.

मी फाटकाशी आले नाही. तू थांबली असशील. पाऊण तास थांबलीस असं टपरीवाल्याने जूनीला सांगितलं, आणि हातात टोपी होती असंही सांगितलं. मला पाय दुखण्याचं निमित्त करता आलं असतं. पाय दुखत नव्हते. मत्सर दुखत होता.

आता बोलतेच. जूनीला म्हटलं, एकही शब्द गाळायचा नाही.

बाबा रोज डब्याच्या ताटलीत केकचा एक तुकडा उरवून आणायचे. शिट्टी वाजली की तू उतारावरून धावत जायचीस आणि मी चुलीपाशी, कडेवर धाकटा, हातात पळी. कधी एकदा तरी मी पळत गेले असते, तर तो तुकडा मला मिळाला असता. खाण फुटली त्या दिवशी मी चौदा वर्षांची आणि तू सात. तिसऱ्या दिवशी माणसं वर आणली, त्यांच्याबरोबर डबे. बाबांचा डबा उघडला तर ताटलीत केक होता. तसाच. तू तो उचललास आणि खाल्लास. मला तेव्हा काय वाटलं ते मी देवाला पण सांगितलेलं नाही.

मग खाणीत गेलेल्यांच्या पोरक्या मुलांसाठी दोन्ही कॉलेजांनी सामना खेळला आणि बाबांचा डबा विजेत्याला द्यायची रीत पडली. त्या सामन्याच्या तिकिटांच्या पैशांवर टॅगर्टने तुला शाळेत घातलं. मला नाही, कारण मी मोठी होते, आई आजारी होती आणि धाकट्यांना मीच पाहायचे. तू अक्षरं शिकलीस. मी जर्सीच्या पाठीवरचे आकडे शिकले, तेही वाळत घालताना. आज तुला पत्र लिहायचं तर माझं मत्सराचं बोलणंसुद्धा सुनेच्या हातून जातं.

आणि शनिवारी तुमच्या त्या दारात न मावणाऱ्या पोराने आपल्या बाबांचा डबा डोक्यावर धरून नाचवला. लोक ओरडले. मी उठले आणि घरी आले.

टोपी तूच घाल.
डेल्फा

(मावशी, हे मी चोरून लिहितेय. सामन्याच्या आदल्या दिवसापासून सासूबाई एप्रनखाली काहीतरी घेऊन फिरतात. मी विचारलं तर म्हणतात, माझं हाड आहे. मला माहीत आहे ते हाड नाही, कारण हाड वाजत नाही. — जूनी)

—

टॅगर्ट
६ ऑक्टोबर २०१३

ती. ताईस सा. न.

वि. वि. अकरा महिने तुला पत्र धाडलं नाही. रोज लिहिलं, फाडलं. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. तो केक मला अजून आठवतो. भिजलेला होता आणि त्याला धुराचा वास होता. मला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी ठेवलाय, नाही खाल्ला तर त्यांना वाईट वाटेल. सात वर्षांच्या पोरीची अक्कल. तुला अर्धा द्यावा हे सुचलंच नाही. हे मी मोठी झाल्यावर किती वेळा मनात म्हटलं असेल, पण तुझ्यासमोर कधी आलं नाही.

आता इथलं ऐक, आणि वाटलं तर हस.

आम्ही या हंगामात पाचच्या पाच सामने हरलो. सगळे लांबच्या गावांत, आम्हाला कुणाचं नाव नीट माहीत नाही आणि त्यांना आमचं. फ्लॉरिडातल्या एका मैदानावर फलकावर आमचं नावच चुकीचं लिहिलं होतं... नाही, ते जाऊ दे, फलक बदलला त्यांनी. सांगायचं ते हे की गावातलं कुणी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. आम्ही न्हाव्याच्या दुकानात टीव्हीपुढे बसतो. पूर्वी डोंगर ओलांडून तीस गाड्या जायच्या, पोरांच्या आया मागे सॅंडविचं बांधून न्यायच्या. आता त्या पोरांना फोनवर विचारतात, जेवलास का. ते म्हणतात, विमानात दिलं. ताई, तुझा तो पुठ्ठ्याच्या खिडकीचा बसप्रवास मला आता हेवा वाटण्यासारखा वाटतो. हे लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात मी काचेच्या कपाटाशी गेले. तिथे डबा नव्हता. त्याच्या जागी नव्या लीगचा झेंडा आणि सह्या केलेलं हेल्मेट. चौकशी केली. तिथे कामाला असलेली मुलगी हसून म्हणाली की जुना सामना आता कुणाला आठवत नाही, पाहुण्यांना प्रश्न पडतात. डबा मला तळघरात मिळाला. झाडू-फडक्यांच्या खोलीत. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पायाशी ठेवला होता.

मी तो कोटाखाली धरला आणि बाहेर पडले. दारातल्या माणसाने मला गुड डे म्हटलं. कुणी विचारलं नाही. चोरीसुद्धा आपल्याला शेवटी फुकटच पडली.

तो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. आणि ताई, त्यात ताटली नाही.

हे मला आज कळलेलं नाही. त्या शनिवारीच कळलं होतं. विजेत्याने डबा हलवायचा आणि ताटली खुळखुळायची, हीच तर दरवर्षीची रीत. त्या पोराने हलवला तेव्हा काही वाजलं नाही. हजारो लोक ओरडत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी ओरडत नव्हते. मला वाटलं, तू फाटकाशी येशील आणि सांगशील. तू आली नाहीस तेव्हा समजले. मी कुणाला काही बोलले नाही. टपरीवाल्यालाही नाही, आणि तो तर सगळं खोदून काढतो.

टोपी अजून तशीच आहे. उंदरांनी पण खाल्ली नाही.

तुझी जागा माझ्या शेजारी राखून आहे.
ऑर्लीना

—

कॉर्बिट्स फोर्क
१५ ऑक्टोबर २०१३

चि. ऑर्लीना हिस डेल्फाचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र जूनीने तीन वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज बसला म्हणून थांबवलं.

दाराशी ठेवला होता. बाबांचा डबा. मी रात्रभर चिडून बसणार होते, पण मला झोप लागली. सकाळी उठले तर राग गेला होता आणि नुसतं हसू येत होतं. मी तुझ्या टॅगर्टचा वर्षभर मत्सर केला, आणि त्यांना साधा डबासुद्धा सांभाळता येत नाही.

होय, ताटली माझ्याकडे आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी घासताना काढली. आम्ही हरणार हे ठाऊक होतं, पण खरं सांगते, जिंकणार असतो तरी काढली असती. डबा त्यांचा, खुळखुळाट माझा, असं ठरवलं. वर्षभर उशीखाली ठेवली आहे, त्यामुळे मानेला एक बाक आलाय. माझ्या बोटांना तिचा काठ पाठ झालाय. केक कुठल्या कोपऱ्यात असायचा, ते मला अजून सापडतं.

इथली बातमी वेगळी आहे. आमची लीग तुटली. ती तीन पायांवर उभी होती, एक दिवस खरंच आडवी झाली. ब्रँडलने फुटबॉलच बंद केला. पोरं गेली, अर्धी दुसऱ्या कॉलेजांत, अर्धी घरी. बसची पुठ्ठ्याची खिडकी शेवटी बदलली, कारण आता ती बस मुलींच्या व्हॉलीबॉलला जाते. जूनीला लाँड्रीतून अर्धा दिवस काढून खाणावळीत लावलंय, ती म्हणते भांडी जर्सीपेक्षा लवकर वाळतात. मला लाँड्रीच्या यंत्रांचा आवाज ऐकायची सवय होती. शुक्रवारी सगळी एकदम चालायची, सगळी जमीन थरथरायची. आता मी तिथे जाते आणि बसते आणि माझ्या पायांना कळतं की काही नाही.

म्हणून सांगते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी तू ये. सामना नाही, माहीत आहे. मैदान रिकामं आहे, गवत वाढलंय, कुणी कापत नाही. उत्तरेच्या बाजूच्या बाकांवर आपल्या दोन जागा आहेत, तिथे बसू. टपरीवाल्याला मी सांगितलंय, तो म्हणाला लिंबूपाणी आणतो, पण गिऱ्हाईक दोनच असतील तर गाणी म्हणायला लागेल. तुझं टॅगर्ट त्या दिवशी टेक्सासला खेळणार आणि तुझ्या गावातले सगळे टीव्हीपुढे, तेव्हा तू इथे आहेस हे कुणाच्या ध्यानी येणार नाही. टोपी आण. जांभळी नाही म्हणतेस, पण मी तुला ओळखते, आतली कड जांभळी असेल. तरी घालीन.

डबा तू आण, ताटली मी आणते. बसवायची आपण दोघींनी, आणि मग एकदा जोरात हलवायचा. कुणी जिंकलेलं नाही, तरी. मला तो आवाज ऐकायचा आहे.

तुला पाहायचं आहे असं नाही, बहिणी तर दरवर्षी भेटतातच. पण ये.

लोभ आता आंबट नाही. अगदी गोडही नाही, म्हातारपणी गोड कुणी खाऊ देत नाही.
डेल्फा

ता. क. खाण्याचं मी ठरवलंय, वाद घालू नकोस. घेवडा आणि मक्याची भाकर मी आणीन. केक तू करून आण, आईसारखा, सुक्या सफरचंदांचा, आठ थरांचा, आणि दोन दिवस आधी करून ठेव म्हणजे थर भिजतात. दुकानातला आणलास तर बसमधून परत पाठवीन. सगळा कापून ताटलीत घाल आणि शेवटचा तुकडा कोपऱ्यात राहू दे. तो मला दे. अर्धा मी तुला देईन.