दारातून न निघणारं टेबल

दि. १४ नोव्हेंबर, रविवार

चि. ठमे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे छत गळत नाही आणि मी आजारी नाही. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. डावी बाही किंचित आखूड आहे, पण ऊब चांगली आहे.

सुतारकामाच्या खोलीतलं मोठं टेबल काल मी कापलं.

फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच "बाबा, म्हणजे तुम्ही येताय!" म्हणाली असतीस. तसं काही ठरलेलं नाही.

ते टेबल मी त्या खोलीतच बांधलं होतं. सुतारकी मला कुणी शिकवली नाही, तरी त्याच्या सांध्यांत आजही कागद जात नाही. सगळं मोजलं, फक्त दार मोजायचं राहिलं. तुझी आई दारात उभी राहून खो खो हसली होती. "आता हे बाहेर कसं काढणार?" मी ऐटीत म्हणालो, "काढायचंय कुणाला?"

ती गेल्यावर तू 'इकडे या' म्हणायला लागलीस आणि दर वेळी मी हेच पुढे केलं: टेबल दारातून निघत नाही. तूही बिचारी 'बरं' म्हणायचीस.

काल करवतीचा आवाज ऐकून शेजारचा बूटवाला डोकावला.

"मास्तर, टेबल मोडलंत?"

"मोडलं नाही, कापलं. फरक आहे."

"जाताय कुठे?"

"ठरलं नाही."

"मग आधी कापलंत कशाला? डोकं फिरलं का काय!"

मी करवत चालवत राहिलो. त्याला काय सांगणार? टेबल शाबूत असतं, तर मी तिथेच उभा राहिलो असतो, त्याच त्या फळीला रंधा मारत.

दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. दोरीने बांधून घेतलं. काप जरा तिरका गेला. माझ्या हातून, तिरका! मापं मी अजून मोठ्याने सांगतो. पलीकडून तुझ्या आईचं "हं" येत नाही, एवढंच.

तुमच्या गावात मला काम कोण देणार, तुमच्यात माझं जमेल का, काही ठाऊक नाही. कदाचित महिन्याभरात भांडून परतही येईन. पण अर्ध्या टेबलावर इथे काम होत नाही, हे नक्की.

तर तुमच्या मागच्या खोलीच्या दाराची रुंदी कळव. चौकटीच्या आतली हवी, अंदाजे नको. आणि एकटीने मोजू नकोस. टेपचं दुसरं टोक जावईबापूंना धरायला सांग.

या खेपेस आधी दार विचारणारे,
तुझे बाबा